किती देते?

पंपावरचा मायरिग दर वेळी विचारतो,
"किती देते गं ही?"
आणि उत्तराची वाट न बघता नोझल अडकवतो.

ग्लव्ह बॉक्समध्ये, पियानोच्या हातोडीखाली
पाच वर्षांची वही आहे. तारीख, लिटर, मैल.
या देशात पेट्रोल लिटरनं विकतात
आणि फुशारकी गॅलननं मारतात,
म्हणून प्रत्येक ओळीत पेन्सिलीचा एक गुणाकार.

कंपनीच्या पुस्तिकेत छापलं होतं, बावन्न.
देत असेल. रोलरवर देत असेल,
जिथं वारा नाही, रस्त्यात बसलेल्या मेंढ्या नाहीत,
मागच्या सीटवर तारांची जड पेटी नाही.
माझ्या वाटेवर बुल्ख अ ग्रोइसची खिंड आहे,
चढ दुसऱ्या गिअरचा,
धुकं असलं तर पहिल्याचा.

डॅशबोर्ड म्हणतो त्रेचाळीस.
डॅशबोर्ड लाघवी आहे.
वही म्हणते अडतीस पॉइंट दोन.
मी पियानोंचे सूर लावत गावोगाव फिरते.
कानाला गोड लागणं आणि खरं असणं
यातल्या फरकावर माझं पोट चालतं.

दोष गाडीचा नाही.
एवढीशी लाल गाडी, चार हजारांच्या वर तिला कंठ फुटतो,
आणि शाळेतला एखादा ओल धरलेला पियानो
दिवसभर समजावून निघालं
की मला तो आवाज लागतो.
लानिउख्लिनच्या पुढं रस्ता दोन मैल सरळ आहे.
तिथं मी काय जाळते ते वहीत आहे.
नवव्या पानावर एकतीस.
गेराइंट त्याच आठवड्यात सामान घेऊन गेला होता.

बाबा पाटीच्या दगडाच्या खाणीवर ट्रक चालवायचे.
म्हणायचे, ब्रेक म्हणजे
विकत घेऊन खिडकीतून फेकलेलं पेट्रोल.
वळण दिसायच्या आधीच त्यांचा पाय उचललेला असे.
माझ्या गाडीत बसायला मात्र तयार नसत.
"ही गाडी नाही, घाई आहे."

मग फेब्रुवारीत अ‍ॅबरिस्टुइथचं हॉस्पिटल सुरू झालं.
आठवड्यातून तीन फेऱ्या.
मांडीवर प्लॅस्टिकचं भांडं, एक हात वरच्या मुठीला.
खड्डा आला की ओठ आवळायचे,
बोलत काही नसत.
मीच शिकले मग,
तिसऱ्यातून चौथ्यात न कळता कसं सरकायचं,
काठोकाठ भरलेली वाटी नेतात तसं वळण कसं न्यायचं,
मागं रांग लागली तर लागू दे.
एकदा दुधाचा टँकर चार मैल हॉर्न वाजवत राहिला.
बाबा डोळे मिटूनच म्हणाले,
"त्याचं अ‍ॅव्हरेज जाईल अशानं."

पान चोवीस.
एकावन्न पॉइंट नऊ.

गुणाकार पुन्हा केला.
पावती शोधून आणखी एकदा केला.
रात्री त्यांना वही दाखवली.
चष्मा मागवला, आकडा बघितला,
शेजारची कच्ची बेरीजही तपासली,
आणि पहिल्यांदाच गाडीबद्दल बरं बोलले.
"इंजिन चांगलं आहे."
जसं काही चालवायला कुणी नव्हतंच.

पुढं पन्नास. एकोणपन्नास.
मग पाच आठवड्यांची एकही ओळ नाही,
टाकी भरलेली, गाडी घरासमोर,
काचेवर झाडाचा चीक.
मग सदतीस.

"किती?" मायरिग.
अडतीस, मी म्हणते.
"एवढंच?"
त्याच्या भावाची डिझेल साठ देते म्हणे.
देत असेल.
नोझल काढताना दोन थेंब त्याच्या बुटावर पडतात,
ते माझ्या पावतीत आहेत, वहीत आहेत,
गाडीत नाहीत.
झाकण नीट लाव, मी सांगते,
तीनदा कट्ट वाजेपर्यंत.